पाटी, पोथी आणि पहिले इंग्रजी पुस्तक : घरात भरलेल्या तीन शाळा

१/
डिसेंबर १८७३. पुण्यात एक लग्न लागले. वर एकतीस वर्षांचा विधुर, एम.ए., एलएल.बी., सरकारी न्यायखात्यातला मोठा अधिकारी. वधू अकरा वर्षांची, सातारा भागातून आलेली, अक्षरओळख नसलेली. वडील मुलीला सासरी सोपवून परत गेले. रात्री नवऱ्याने तिला विचारले, तुला लिहितावाचता येते का? उत्तर नकारार्थी होते. त्याच रात्री तिच्या हातात पाटी-पेन्सिल आली आणि मुळाक्षरांचा पहिला धडा झाला. तो वर म्हणजे महादेव गोविंद रानडे आणि ती वधू म्हणजे रमाबाई रानडे.

२/
आजकाल मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक वाचन आणि भाषेचा अभ्यासक्रम कसा निवडावा, याची पुष्कळ चर्चा करतात. आधी कोणती भाषा? कोणते पुस्तक? पाठांतर किती, आकलन किती? शिकवणार कोण? हे प्रश्न नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हेच प्रश्न काही घरांत उभे राहिले होते. फरक एवढाच की तिथे विद्यार्थी मुलगी होती आणि तिला शिकवणे हाच मुळी अपराध मानला जात होता.

३/
शाळा नव्हत्या असे नाही. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली होती. परंतु लग्न झालेल्या मुलीने रस्त्यावरून पुस्तके घेऊन चालत जाणे बहुतेक उच्चवर्णीय घरांना मान्य नव्हते. शिकलेल्या बाईला वैधव्य येते, ही समजूत तर घराघरांत होती. म्हणून ज्या थोड्या मुली शिकल्या, त्यांतील अनेकींची शाळा माजघरात नाहीतर माडीवर भरली.

४/
अशा तीन घरांचा हा इतिहास आहे. एका घरात आईने मुलीला संस्कृत शिकवले. दुसऱ्या घरात नवऱ्याने बायकोला आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवले. तिसऱ्या घरात नवऱ्याचा सारा भर इंग्रजीवर होता. तिन्ही अभ्यासक्रम वेगळे होते आणि त्यांतून तीन वेगळी आयुष्ये घडली. प्रत्येक अभ्यासक्रमाची किंमतही वेगळी होती आणि ती विद्यार्थिनीने मोजली.

५/
आधी त्या काळचे पुस्तकांचे फडताळ पाहू. घरात असत त्या श्रीधराच्या पोथ्या : रामविजय, हरिविजय, पांडवप्रताप. छापील पुस्तकांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीती' आणि 'बाळमित्र' १८२८ पासून उपलब्ध होती. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले. पुढे सरकारी विद्याखात्यासाठी मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. पंतोजीच्या शाळेतला धुळाक्षरांचा काळ मागे पडत होता आणि छापील क्रमिक पुस्तकांचा काळ सुरू होत होता.

६/
लिपीचाही प्रश्न होता. व्यवहाराचे कागद, जमाखर्च आणि पत्रे मोडीत लिहिली जात, तर छापील पुस्तके बहुतांशी बाळबोधात असत. ज्या मुलीला केवळ बाळबोध शिकवले गेले, तिला ग्रंथ उघडता येई, पण घरातील खतावणी आणि दस्तऐवज तिच्यासाठी बंदच राहत. म्हणजे कोणते अक्षर आधी गिरवायचे, एवढ्या साध्या निवडीतही मुलीने कोणत्या जगात जायचे आणि कोणत्या जगाबाहेर राहायचे, हे ठरून जाई.

७/
पहिली शाळा डोंगरे यांच्या घरची. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या परिसरातले. विद्यार्थी असताना ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखातून संस्कृत ऐकून तो तरुण थक्क झाला आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असा त्याने निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. तिच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, तेव्हा त्या अगदी लहान होत्या. या वेळी मात्र शास्त्रीबोवा मागे हटले नाहीत.

८/
गावात गदारोळ झाला. स्त्रीला देवभाषा शिकवणे धर्माला धरून आहे काय, याचा जाब त्यांना उडुपीच्या विद्वानांपुढे द्यावा लागला. त्यांनी शास्त्रवचनांच्या आधारे आपली बाजू मांडली. मात्र त्यांच्या युक्तिवादाला एक कुंपण होते. पुराणे, काव्य, व्याकरण आणि कोश स्त्रियांना चालतील, वेद चालणार नाहीत, ही मर्यादा त्यांनी स्वतःही मानली होती. पुढे ते गावापासून दूर, गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी धाकटी कन्या रमा जन्मली.

९/
रमा शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा वडील थकले होते. कुटुंब तीर्थयात्रेला निघाले होते आणि पुराणे सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर गुजराण चालली होती. त्यामुळे शिकवण्याचे काम आईकडे आले. आठव्या वर्षापासून साधारण पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटे, झोपेने जडावलेल्या मुलीला त्या मायेने उठवीत आणि श्लोक म्हणवून घेत. या शाळेतले मुख्य पुस्तक म्हणजे आईचा आवाज. भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले ते अशा रीतीने.

१०/
या अभ्यासक्रमात इंग्रजीला स्थान नव्हते. म्लेंच्छांच्या भाषेने आणि संसर्गाने धर्म बुडेल, ही वडिलांची धारणा. मराठी वेगळी अशी शिकवली गेली नाही, पण आईची बोली शुद्ध होती आणि मिळतील ती मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके घरात वाचली जात. एका भटक्या कुटुंबातील मुलीला संस्कृत व्याकरण आले, प्रांतोप्रांतीच्या भाषा कानावर पडून कन्नड, हिंदुस्तानी आणि बंगाली कळू लागली. ज्याला आज आपण बहुभाषिक शिक्षण म्हणतो, ते येथे गरिबी आणि पायपीट यांतून घडले.

११/
या शिक्षणाने पोट मात्र भरले नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदांची प्रत ठेवली आणि वाचण्याचा आग्रह केला. वडिलांनी जे पुस्तक अभ्यासक्रमाबाहेर ठेवले होते, तेच आता समोर आले होते. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्रेही वाचली आणि एरवी परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रीला हीन लेखण्याबाबत एकमताने बोलतात, हे तिला दिसले. हा निष्कर्ष काढण्यासाठी लागणारे व्याकरण तिला घरीच मिळाले होते, हे विसरता येणार नाही.

१२/
दुसरी शाळा रानड्यांची. येथे पहिली भाषा मराठी होती आणि ती पाटीवर सुरू झाली. रात्रीच्या वेळी रानडे स्वतः शिकवीत. पुढे पुण्यातील फीमेल ट्रेनिंग कॉलेजशी संबंधित शिक्षिकेची शिकवणी लागली. अडचण धड्यांत नव्हती, माडीच्या जिन्याखाली होती. खाली एकत्र कुटुंब होते : सासू, नणंद, इतर वडीलधाऱ्या बायका. त्यांतील बऱ्याच जणींना हे शिकणे म्हणजे सुनेचे नवऱ्याच्या नादी लागून घराण्याची चाल मोडणे वाटे. दिवसभर टोमणे आणि रात्री धडा, अशी ही दुहेरी शाळा होती.

१३/
या विरोधाकडे केवळ दुष्टपणा म्हणून पाहणे सोपे आहे. पण त्या घरातील बायकांच्या बाजूने पाहिले तर दुसरी गोष्ट दिसते. त्यांना कोणी कधी विचारले नव्हते की तुला वाचता येते का? स्वयंपाकघरातील मान, सोवळे आणि वडीलकी एवढीच त्यांची कमाई होती. काल आलेली अकरा वर्षांची मुलगी हातात पुस्तक घेते, म्हणजे त्या कमाईचे मोल घसरते. अभ्यासक्रम बदलला की घरातील मानपानाची उतरंडही बदलते, हे त्यांनी कोणत्याही सुधारकाआधी ओळखले होते.

१४/
१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. सरकारी मर्जी उतरल्याची ही खूण असली, तरी रमाबाईंच्या शिक्षणासाठी ते वरदान ठरले. नाशिकला घरात दोघेच. तेथे इंग्रजीचा अभ्यास नीट मार्गी लागला. रानड्यांची दृष्टी अधू असल्याने पुढे रमाबाई त्यांना वाचून दाखवू लागल्या. धडा वाचण्यापासून सुरू झालेला प्रवास दुसऱ्याच्या डोळ्यांचे काम करण्यापर्यंत पोचला. वाचनाला रोजचे, खरेखुरे प्रयोजन मिळाले की ते टिकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१५/
याच इंग्रजीची जाहीर कसोटी १८८४ मध्ये लागली. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे, अशी मागणी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मांडण्याची सभा होती. इंग्रजीतील निवेदन रमाबाईंनी वाचले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा उभी राहिली. घरी परतल्यावर मात्र बायकांनी त्यांच्यावर अबोला आणि टोमण्यांचा वर्षाव केला. ज्या कौशल्याने शेकडो मुलींना शाळेचे दार उघडले, त्याच कौशल्यापायी त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्या ठरल्या.

१६/
तिसरी शाळा गोपाळराव जोशी यांची. पोस्टखात्यात कारकून, विधुर, तऱ्हेवाईक आणि जिद्दी. १८७४ मध्ये कल्याणच्या जोशी घराण्यातील नऊ वर्षांच्या यमुनेशी त्यांनी लग्न केले, ते तिला शिकवू देण्याच्या अटीवर. लग्नानंतर ती आनंदी झाली. माहेरच्या गोतावळ्यापासून दूर नेण्यासाठी त्यांनी अलिबागला बदली करून घेतली. पुढे कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास झाला. त्यांच्या लेखी संस्कृतपेक्षा इंग्रजी महत्त्वाची होती, कारण संस्कृत मागे नेते आणि इंग्रजी जगात नेते, असा त्यांचा हिशेब.

१७/
येथे तिन्ही घरांतील एक समान धागा दिसतो. डोंगऱ्यांना अरण्य गाठावे लागले, रानड्यांना नाशिकच्या बदलीने हात दिला आणि गोपाळरावांनी बदली मागून घेतली. मुलीला शिकवायचे तर आधी एकत्र कुटुंबाच्या नजरेआडची जागा हवी होती. पुस्तक निवडण्याआधी घर निवडावे लागत होते. ज्या मुलींच्या वडिलांची किंवा नवऱ्याची बदली झाली नाही, ज्यांना दुसरे घर परवडले नाही, त्यांची नावे या इतिहासात येत नाहीत.

१८/
गोपाळरावांच्या शाळेची दुसरी बाजू काळी आहे. अभ्यासात हयगय झाली, तर त्यांचा राग अनावर होई. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे : दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या. अंतिम हेतू पाहता हे वागणे योग्य ठरले असेलही, पण एका मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहता ते चूक होते, असा तोललेला निवाडा त्यांनी दिला. जिला शिक्षा झाली, तिनेच न्यायाधीशाच्या आसनावर बसून दिलेला हा निकाल आहे.

१९/
हा निवाडा देण्याचे बळ त्यांना कोठून आले? पत्रलेखनातून, असे म्हणता येईल. गोपाळरावांनी १८७८ मध्ये मिशनरी वाइल्डर यांना पत्नीच्या शिक्षणाबाबत लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यानंतर पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यातले इंग्रजी वाचण्याआधी थांबून उत्तर तपासणारा मास्तर नव्हता. समोर होती ती उत्तराची वाट पाहणारी एक मैत्रीण, जिला त्या मावशी म्हणत. भाषा येथे प्रथमच त्यांच्या स्वतःच्या मालकीची झाली.

२०/
चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा विचार तेथे रुजला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात, अमेरिकेला का जाणार, हे त्यांनी भर सभेत इंग्रजीत सांगितले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजातून त्या एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे गोपाळरावांनी मागे सारलेली प्राचीन परंपरा आनंदीबाईंनी स्वतःहून पुन्हा अभ्यासाला घेतली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्याच्या हातून विद्यार्थिनी निसटते, ती अशी.

२१/
त्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून एक पाहुणी आली होती : पंडिता रमाबाई. अरण्यात पाठांतराने शिकलेली संस्कृत पंडिता आणि पोस्टाच्या कारकुनाच्या घरात इंग्रजी शिकलेली डॉक्टर, दोन घरगुती शाळांच्या या दोन विद्यार्थिनी फिलाडेल्फियाच्या सभागृहात एकत्र आल्या. अकरा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचे मराठी चरित्र लिहिले काशीबाई कानिटकर यांनी, आणि काशीबाईही सासरचा विरोध सोसत घरातच वाचायला शिकलेल्या होत्या.

२२/
पंडिता रमाबाईंची भाषा पुढे कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखे आहे. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. त्याच वर्षीचे त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक संस्कृतप्रचुर मराठीत आहे. तेव्हाच त्या इंग्रजीही शिकू लागल्या होत्या. १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' इंग्रजीत आले. ते पुस्तक त्यांनी आपल्या आईला, लक्ष्मीबाईंना अर्पण केले. पहाटेच्या त्या शाळेला मिळालेले हे प्रमाणपत्र.

२३/
अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत अभ्यासली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे मुलींना वाचायला शिकवले जाई, एवढेच नव्हे, तर छापखान्यात त्याच मुली खिळे जुळवीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते कमी शिकलेल्या बायकांनाही कळावे म्हणून मुद्दाम सोप्या मराठीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भागवताच्या अठरा हजार श्लोकांपासून निघालेली वाट शेवटी साध्या बोलीपाशी येऊन थांबली. त्यांच्या धर्मांतराविषयी त्या काळी कडाक्याचे वाद झाले. तरी कोणासाठी लिहायचे आहे, त्यावर भाषा ठरवायची, हा त्यांचा निर्णय अभ्यासण्याजोगा आहे.

२४/
रमाबाई रानडे यांनीही लेखणी उचलली. १९०१ मध्ये पतीचे निधन झाले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले, जिथे घरातून बाहेर न पडलेल्या, शिकायचे वय उलटून गेलेल्या बायकाही अक्षरे गिरवू लागल्या. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाले. त्या पहिल्या रात्रीची गोष्ट आज ठाऊक आहे ती या पुस्तकामुळे. पाटीवर पहिले अक्षर काढायला लावणाऱ्याचा इतिहास अखेर ते अक्षर काढणारीने लिहिला.

२५/
या तीन शाळांतून एकच आदर्श अभ्यासक्रम निघत नाही. संस्कृत पाठांतराने चिकित्सा करणारी बंडखोर घडली. संयमी मराठी-इंग्रजी धड्यांनी संस्था उभारणारी स्त्री घडली. मारहाणीच्या सावलीतील इंग्रजीने डॉक्टर घडवली, आणि त्या माराचे समर्थन तिच्या यशाने होत नाही, हे तिनेच लिहून ठेवले. शिकवणाऱ्याने भाषा निवडली, पुस्तक निवडले, वेळही ठरवली. त्या वाचनातून पुढे कोणता प्रश्न विचारायचा, हे मात्र तिघींपैकी एकीनेही शिकवणाऱ्याला ठरवू दिले नाही.

(समाप्त)